सुरूचा शेंडा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत, आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारीं सायंप्रार्थनेनंतर धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां माझ्यापुढें पहिला प्रश्न उभा राहिला तो विषयाचा. या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगावयास माझ्याहून अधिक माहितगार माणसें तुमच्यांत बसलेलीं आहेत. त्यांतील कित्येकांनीं हें देऊळ उभें राहत असतां स्वतःच्या डोक्यावरून वाळूच्या पाट्या वाहिल्या आहेत. मला येथें येऊन उणींपुरीं चार वर्षें झालीं. तेव्हां ज्या गोष्टींची साक्ष मला देतां येत नाहीं त्यांविषयीं न बोलतां, जिची साक्ष देतां येते अशी एखादी गोष्ट सांगावी, असें मीं मनाशीं ठरविलें.

विषय मात्र मला दिला तो धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका लहान मुलीनें. गेल्या रविवारीं तिनें विचारिलें, "फादर, तुमच्या लहानपणीं नाताळचें झाड कोठून आणीत असत? तेव्हां दुकानांत मिळत होतें का?" मीं हंसून म्हटलें, "दुकानांत नव्हतें, बाळ; शोधावें लागे." त्यावर तिनें लागलीच विचारिलें, "आणि सांपडलें नाहीं तर?" या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मला उभ्या उभ्या देतां आलें नाहीं. तें आज देतों. उत्तर थोडें लांब आहे, आणि त्यांत माझी अब्रू वाढेल असें फारसें कांहीं नाहीं. तरी तुम्ही सहन करून घ्याल अशी आशा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. नाताळचें झाड ही आपल्या पूर्वजांची चाल नव्हे. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती, आणि आपल्या पूर्वजांस धर्मदीक्षा मिळाली ती त्याच काळांत. आपला जुना वारसा म्हणजे गोठा. संत फ्रान्सिस आसीसीकर यांनीं १२२३ सालीं इटलींतील ग्रेचो या गांवीं गव्हाणी मांडून, बैल व गाढव उभें करून, बाळ येशूच्या दारिद्र्याचा देखावा लोकांच्या डोळ्यांपुढें ठेविला. आणि त्यांच्याच संघाचे धर्मगुरू सोळाव्या शतकांत या वसईंत आले. म्हणून गोठ्याशीं आपलें नातें फार जुनें आहे. झाड आलें तें मागाहून, आणि उत्तर युरोपांतून. स्ट्रासबुर्ग शहरचे लोक नाताळांत घरांत फरचें झाड उभें करून त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदें व पातळ पापड्या टांगीत असत, असा उल्लेख १६०५ सालच्या एका लेखांत सांपडतो. पुढें १८४८ सालीं राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन पति आल्बर्ट व त्यांचीं मुलें अशा झाडाभोंवतीं उभीं आहेत, असें चित्र लंडनच्या एका सचित्र पत्रांत छापून आलें, आणि इंग्रजांचें राज्य जेथें जेथें होतें तेथें तेथें ही चाल पसरत गेली. रोम येथें संत पेत्राच्या चौकांत तर असें झाड पहिल्यानें उभें राहिलें तें १९८२ सालीं, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकीर्दींत. त्या वेळीं मी तेरा वर्षांचा होतों. म्हणजे आमच्या घरचें झाड त्या चौकांतील झाडाहून वयानें वडील होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं!

परंतु वसईच्या वाळूंत फर कोठून येणार? आपल्या किनाऱ्यावर आहे तें सुरूचें झाड. लांबून पाहिलें तर तें त्या थंड मुलखांतील झाडासारखें दिसतें, म्हणून आपल्या वडिलांनीं त्यालाच नाताळचा मान दिला. खरें पाहतां त्याचें व फरचें कांहींच नातें नाहीं. सुरूची जी बारीक हिरवी सुई आपण पान समजतों ती पान नव्हे, सांध्यासांध्यांची डहाळी आहे. खरीं पानें त्या सांध्यांभोंवतीं खवल्यासारखीं चिकटलेलीं असून इतकीं लहान असतात कीं डोळ्यांजवळ धरल्याशिवाय दिसत नाहींत. त्याच्या मुळांवर गांठी असतात व त्यांत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र धरून झाडास पोसतात. म्हणून जेथें गवत धड उगवत नाहीं अशा निकस वाळूंतही तें झपाट्यानें वाढतें. आपल्या या किनाऱ्यावर तेंही माणसानेंच आणून लाविलें. चाल परकी, झाडही परकें. पण दोन्हीं येथें रुजलीं आणि आपलीं झालीं. समुद्रावरून वारा सुटला म्हणजे सुरूच्या राईंतून जो एकसारखा सूं-सूं आवाज येतो, तो ज्यानें बाळपणीं ऐकला त्याला नाताळचा महिना त्या आवाजावांचून आठवत नाहीं.

आमचें घर किनाऱ्यापासून पायीं वीस मिनिटांच्या वाटेवर होतें. वडिलांची पानवेलीची व केळींची लहानशी वाडी होती. दर वर्षीं डिसेंबरच्या २३ तारखेस दुपारीं वडील, माझी धाकटी बहीण व मी असे तिघे झाड शोधावयास निघत असूं. वडिलांच्या कमरेस कोयता, माझ्या हातांत सुंभाची दोरी. बहिणीच्या हातांत कांहींच नसे, कारण निवड करण्याचा अधिकार तिचा. मामाची वाडी समुद्राला लागून होती व तिच्या पश्चिमेच्या कडेला खाऱ्या वाऱ्याच्या आडोशासाठीं सुरूची दाट रांग लाविलेली होती. तेथें पोंचल्यावर वडील प्रथम मामाच्या ओट्यावर बसून रीतसर परवानगी मागत. सख्खा मेहुणा, तरी मागत! मामा दर वर्षीं हंसे, आणि वडील दर वर्षीं मागत.

त्यांचे नियम तीन होते. विचारल्याशिवाय तोडूं नये, हा पहिला. जेथें दाटी झाली आहे, जेथून एखादें रोप पुढेंमागें काढावेंच लागणार, तेथूनच घ्यावें, हा दुसरा. आणि उभ्या झाडाच्या शेंड्यास कधीं हात लावूं नये, हा तिसरा. या तिसऱ्या नियमाचें कारण ते आम्हांस दर खेपेस समजावून सांगत. सुरूची सारी किंमत त्याच्या सरळपणांत आहे. सरळ वाढला तर घराला वासा होतो, मांडवाला खांब होतो. शेंडा गेला कीं बाजूच्या फांद्या वर चढूं लागतात, आणि एका सरळ सोटाच्या दोन वांकड्या काठ्या होतात; मग तो जळणावांचून कशाच्याही कामाचा राहत नाहीं.

बहीण दाटींतलें एखादें रोप निवडी. तें आम्ही मुळासकट काढून, दोरीनें बांधून घरीं आणीत असूं. तेलाच्या रिकाम्या डब्यांत ओली वाळू भरून त्यांत तें उभें राही. आई पतंगाच्या कागदाच्या सांखळ्या करी. चहाच्या पेटींतला चांदीचा कागद वर्षभर जपून ठेविलेला असे, त्याचीं फुलें होत. जो बर्फ आमच्यापैकीं कोणीं जन्मांत पाहिला नव्हता, त्याच्या नांवानें फांद्यांवर कापूस पसरला जाई. शेजारीं गोठा, आणि गोठ्यापुढें करवंटींत पेरलेल्या गव्हाचे पोपटी अंकुर. तीन राजांच्या सणापर्यंत झाड वाळून जाई व खालीं सुयांचा सडा पडे; मग तें न्हाणीच्या चुलींत जाई, आणि सुरूचें लांकूड मोठ्या जोमानें जळत असल्यामुळें त्या दिवशीं आंघोळीचें पाणी कढत मिळे.

आतां १९७८ सालाकडे येतों. मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों व बहीण सहा वर्षांची. त्या वर्षीं पानवेलीस मर लागली व निम्मी वाडी उन्हांत उघडी पडली. मामानें पैशांच्या अडचणींत सुरूची सबंध रांग विकून टाकली. तेथें नुसते बुंधे उरले. आणि नोव्हेंबरांत बहिणीला विषमज्वर झाला. बरी होऊन ती उठली तेव्हां हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, आणि डोक्यावरचे केंस गळून गेले होते. पडल्या पडल्या तिनें एकच गोष्ट मनांत धरून ठेविली होती: नाताळचें झाड. रोज विचारी, "बाबा, यंदा कोठलें आणूं या?" वडील म्हणत, "बघूं." २२ तारखेस रात्रीं ते म्हणाले, "यंदा गोठाच करूं, बाळ. झाड पुढच्या वर्षीं." गांवांत दुसऱ्यांच्या वाड्यांत सुरू नव्हते असें नाहीं. पण औषधपाण्यासाठीं ज्यांच्याकडून उसनें घेतलें होतें, त्यांच्याच दारीं पुन्हां झाड मागावयास जाणें त्यांना जड गेलें. हें मला पुष्कळ वर्षांनीं समजलें. त्या रात्रीं मला एवढेंच दिसलें कीं बहीण कांहीं बोलली नाहीं. भिंतीकडे तोंड करून निजली.

आमच्या घरामागें एक बावखल होतें, आणि बावखलाच्या पलीकडे एका वृद्ध विधवेचें घर होतें. वडील तिला काकी म्हणत, आम्ही मुलें आजी म्हणत असूं. तिच्या बांधावर सुरूचीं सोळा झाडें एका ओळींत लाविलेलीं होतीं. दोन वर्षांचीं, दीड पुरुष उंचीचीं, एकासारखें एक. २३ तारखेस वडील उरलेलीं पानें विकावयास मुंबईस गेले होते. संध्याकाळीं आजी सायंप्रार्थनेसाठीं देवळांत गेली. ती देवळांत होती व मी तिच्या बांधावर होतों. खुंटीवरचा कोयता मीं घेतला होता. एका झाडावर अंगाचा सारा भार टाकून मीं तें वांकविलें आणि तीन घावांत त्याचा चार हात लांबीचा शेंडा तोडला. उरलेलें झाड माझ्या हातांतून सुटून सपकन् वर गेलें आणि डोकें नसलेल्या माणसासारखें उभें राहिलें. तें दृश्य अद्याप माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं.

घरीं येऊन मीं सांगितलें कीं वाऱ्यानें पडलेलें झाड वाटेंत सांपडलें. आईनें माझ्याकडे एकवार पाहिलें, पण तेवढ्यांत बहिणीनें अशी किंकाळी फोडली, आणि तिच्या तोंडावर असा आनंद उमटला, कीं आई कांहीं बोललीच नाहीं. आम्ही डबा आणला, वाळू भरली, कापूस पसरला. आजारपणानंतर त्या दिवशीं प्रथम बहीण पोटभर जेवली आणि झाडाखालीं चटईवरच झोंपी गेली.

रात्रीं उशिरां वडील रिकाम्या टोपल्या घेऊन आले. कंदील उचलून त्यांनीं झाड पाहिलें. मग वांकून डब्यांतली वाळू बोटांनीं बाजूला केली व बुडाचा तिरपा, ताजा काप बघितला.

"हें कोठून आलें?"

"वाऱ्यानें पडलें होतें, बाबा."

"वारा कोयता घेऊन हिंडतो होय?"

मीं मान खालीं घातली. त्यांनीं मला मारलें नाहीं. मारलें असतें तर बरें झालें असतें, असें त्या रात्रीं मला शंभर वेळां वाटलें. ते एवढेंच म्हणाले, "आज असूं दे, ती झोंपली आहे. उद्यां सकाळीं हें घेऊन आपण दोघे काकींकडे जाऊं. आधीं काकींकडे, मग फादरांकडे." दुसऱ्या दिवशीं मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वीं मला पापनिवेदनास जावयाचें होतें. ही "आधीं" आणि "मग" यांची क्रमवारी वडिलांना कोणीं शिकविली असेल तें देव जाणे. ते चौथीपर्यंत शिकलेले होते. वेदीपाशीं अर्पण घेऊन आलेल्या माणसानें प्रथम दुखावलेल्या भावाकडे परत जावें, ही प्रभूची शिकवण त्यांनीं जशीच्या तशी घेतली होती, एवढें खरें.

२४ तारखेची सकाळ. झाड पुढून वडिलांच्या खांद्यावर, मागून माझ्या. कापूस अजून त्याला चिकटलेला होता. बावखलाच्या कांठानें जात असतां लोक भेटले, आणि प्रत्येकानें हंसून विचारिलें, "अहो, झाड घरीं नेतात, तुम्ही घराबाहेर कोठें नेतां?" वडील प्रत्येकाला सांगत, "ज्याचें त्याला द्यावयास." मला वाटे, जमीन दुभंगून मला पोटांत घेईल तर बरें.

आजी ओट्यावर सुपांत तांदूळ निवडीत होती. आपलें छाटलेलें झाड तिनें पहांटेसच पाहिलें होतें, हें तिच्या तोंडावरून दिसलें. वडील म्हणाले, "काकी, पोर कांहीं सांगावयास आलें आहे." आणि ते दोन पावलें मागें सरले. जें सांगावयाचें होतें तें मीं सांगितलें. आजीनें सूप बाजूला ठेविलें, तो शेंडा मांडीवर घेतला आणि त्याच्या डहाळ्यांवरून हात फिरविला. "असूं दे, पोर आहे," असें ती म्हणेल अशी मला आशा होती. तसें ती म्हणाली नाहीं.

ती म्हणाली, "सोळा आहेत रे. एका पाखीला आठ, दुसऱ्या पाखीला आठ. वरचे वासे कुजले आहेत. पावसांत मी अंथरूण या कोपऱ्यांतून त्या कोपऱ्यांत ओढीत असतें. म्हणून मोजून सोळा लाविले. आतां पंधरा राहिले."

बंधुभगिनींनो, त्या क्षणापर्यंत मीं एक झाड तोडलें होतें. त्या क्षणीं मला कळलें कीं मीं एका म्हाताऱ्या बाईचें छप्पर तोडलें होतें.

थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग आजी म्हणाली, "तोडलेला शेंडा परत चिकटत नाहीं. हें घरीं ने. ती पोर दुखण्यांतून उठली आहे, तिनें कोणाचें काय केलें? पण मिरग लागेपर्यंत माझ्या झाडांना पाणी तूं घालावयाचें. सोळाही झाडांना. ज्याला कापलेंस त्यालासुद्धां."

वडिलांनीं मागून एवढेंच म्हटलें, "आणि काकी, सोळावा वासा माझ्याकडे लागला."

नाताळच्या दिवशीं दुपारीं आजी गोडाची ताटली झांकून घेऊन आमच्याकडे आली. बहिणीनें तिला हात धरून झाडापाशीं नेलें व विचारिलें, "आजी, छान आहे ना?" माझा श्वास अडकला. आजी म्हणाली, "छान आहे. माझ्याच बांधावरचें आहे." खोटें तिनें सांगितलें नाहीं, आणि मला लाजविलेंही नाहीं. सत्य आणि दया एका वाक्यांत कशीं बसतात, हें मी पुढें मोठमोठ्या ग्रंथांतून शिकलों. पाहिलें मात्र त्या दिवशीं.

मग पाणी. जानेवारीपासून मी दिवसाआड संध्याकाळीं बावखलांतून कळशी भरून नेत असें. दोन हातांत दोन कळशा, झाडाला एक, अशा आठ खेपा. मार्चपर्यंत तें सोपें होतें. मे महिन्यांत बावखलाचें पाणी तळाला गेलें आणि चिखलांतून उतरून भरावें लागे. इतर मुलें वाळूवर खेळत असत व त्यांचे आवाज मला ऐकूं येत. पहिले कांहीं दिवस मी त्या छाटलेल्या झाडाकडे पाहत नसें; पाणी ओतून पुढें जात असें. पण रोजच्या कामांत माणूस किती दिवस तोंड चुकविणार? पुढें पुढें मी त्याच्याचकडे प्रथम जाऊं लागलों. कापाखालच्या दोन फांद्या हळूहळू वर वळल्या आणि उन्हाळ्याअखेर तें दोन शेंड्यांचें झाड झालें. जूनमध्यें पाऊस आला. आजीनें दारांतून हांक मारून सांगितलें, "आतां पुरे. फिटलें."

पुढें मी गोरेगांवच्या सेमिनरींत गेलों. तेथें वाचतांना मला कळलें कीं जर्मन लोकांच्या मुलखांत २४ डिसेंबर हा दिवस आदाम आणि एवा यांच्या स्मरणाचा मानीत असत. त्या प्रसंगीं एदेन बागेचें नाटक होई, आणि त्या नाटकांतलें झाड म्हणजे सफरचंदें टांगलेलें हिरवें झाड. कित्येक विद्वानांच्या मतें नाताळच्या झाडाचें एक मूळ तेथें आहे. मी तें पान वाचून बराच वेळ स्तब्ध बसलों. जें आपलें नव्हतें त्या झाडाला हात घातला, मग लपला, मग दुसऱ्यावर ढकललें, अशी आदामाची कथा. आणि त्यानें स्त्रीवर ढकललें, तर मीं वाऱ्यावर ढकललें होतें. त्या कथेंत देवाचा पहिला प्रश्न फळाविषयीं नाहीं; आदाम स्वतः कोठें आहे, असा आहे. नीतिशास्त्राच्या वर्गांत आम्हांस शिकविलें कीं चोरीच्या पापाची क्षमा पापनिवेदनांत मिळते, पण जें घेतलें तें शक्य तेवढें परत केलें पाहिजे. परत करण्याचा निश्चयच नसेल तर तो पश्चात्ताप खरा नव्हे. वर्गांतील इतरांनीं हें वहींत उतरवून घेतलें. मला तें कळशीच्या कडीसारखें हाताला जाणवलें.

१९८३ सालीं आजीचें छप्पर झालें. पंधरा सुरू तोडले गेले. सोळावा वासा वडिलांनीं विकत घेऊन दिला; त्यासाठीं त्या वर्षीं त्यांनीं काय विकलें तें त्यांनीं मला सांगितलें नाहीं व मींही विचारिलें नाहीं. दोन शेंड्यांचें वांकडें झाड कोणाच्याच कामाचें नव्हतें, म्हणून तें तसेंच उभें राहिलें. मी सेमिनरींत असतां आजी वारली. धड छपराखालीं वारली, एवढें समाधान. झाड मात्र त्या अंगणाला पश्चिमेच्या वाऱ्याचा आडोसा देत पुष्कळ वर्षें उभें होतें. २०२१ सालीं मे महिन्याच्या १७ तारखेस तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां तें मुळासकट उन्मळून पडलें. बहिणीचा मला फोन आला: "दादा, तुझें झाड पडलें." तिच्या तोंडीं "तुझें" हा शब्द ऐकून मला कसें वाटलें तें सांगतां येत नाहीं.

माझ्या चोरीनें पुढें कांहीं चांगलें घडलें, म्हणून ती चोरी बरी होती, असें कृपा करून कोणीं समजूं नये. चांगलें घडलें तें तीन माणसांमुळें: ज्यांनीं गोष्ट झांकली नाहीं ते वडील, जिनें ती हंसण्यावारी नेली नाहीं ती आजी, आणि जिला कांहीं ठाऊक नव्हतें ती बहीण. मीं फक्त पाणी घातलें, आणि तेंही सांगितलें म्हणून.

ही जुनी गोष्ट आज या व्यासपीठावरून सांगण्याचें कारण आतां सांगतों. आपला हा सुवर्णमहोत्सव आहे. मंडप, पताका, वाजंत्री, भोजन, हें सर्व होईल व व्हावें. पण महोत्सव हा शब्द आपण ज्या मुळापासून घेतला तेथें तो काय सांगतो? जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा नियम आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, दास मोकळे करावे, आणि अडचणींत सांपडून ज्यानें आपली जमीन दुसऱ्यास दिली असेल त्याला ती परत मिळावी. म्हणजे देवाच्या हिशेबीं पन्नासावें वर्ष हें प्रथम परत करण्याचें वर्ष आहे. आनंदाचें वर्ष तें त्यामुळेंच.

आपल्या वसईंत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जमिनीचे भाव आकाशाला भिडले. ज्या बांधावरून पूर्वीं भाजीची वाटी इकडून तिकडे जाई, त्याच बांधासाठीं आज सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. मिस्सेंत शांतिदानाची वेळ आली म्हणजे मी वेदीवरून पाहतों: एक भाऊ उजवीकडच्या पहिल्या बांकावर, दुसरा डावीकडच्या शेवटच्या बांकावर, आणि दोघेही अनोळखी माणसाशीं मोठ्या प्रेमानें हात मिळवितात! घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात, असें आपण म्हणतों. मी म्हणतों, वासा कोणाचा होता तें आधीं विचारा. मी कोणाचें नांव घेत नाहीं. ज्याचें त्याला ठाऊक आहे, जसें मला माझें ठाऊक होतें.

आज आपल्या घरांत बहुधा बाजारचें प्लॅस्टिकचें झाड असतें. त्याला माझी तक्रार नाहीं. त्यासाठीं कोणाचा बांध तुटत नाहीं. पण तें घडी घालून माळ्यावर ठेवतां येतें, तशी मनांतली गोष्ट ठेवतां येत नाहीं. म्हणून माझी प्रत्येक कुटुंबास एकच विनंती आहे. नाताळला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यांत एका दारीं जा. घेतलेलें असेल तर परत करा. परत करतां येण्यासारखें नसेल तर जाऊन तसें सांगा, आणि बदल्यांत काय करूं असें विचारा. आणि ज्याच्या दारीं असा कोणी येईल त्यानें त्याला हांकलूं नये. "असूं दे" म्हणून घाईघाईनें वाटेलाही लावूं नये. त्याला कांहीं तरी पाणी घालावयास द्यावें.

समितीनें माझी आणखी एक सूचना मान्य केली आहे. या वर्षीं देवळांतील गोठ्याशेजारीं तोडलेलें झाड नसून कुंड्यांत वाढविलेलीं सुरूचीं सोळा रोपें असतील. समुद्र आपला किनारा खात चालला आहे व जुने सुरू भरतीबरोबर उन्मळून पडत आहेत, हें तुम्ही पाहतच आहां. येत्या पावसाळ्याच्या आरंभीं तीं रोपें, ज्या शेतकरी बंधूंनीं आपल्या वाडीची कडा देऊं केली आहे, तेथें लावूं. आणि पाऊस सरल्यावर त्यांना पाणी घालण्याचें काम धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांकडे राहील. पहिली कळशी उचलण्याचा मान मी माझ्याकडे मागून घेतला आहे.

आतां त्या लहान मुलीला तिचें उत्तर देतों. बाळ, झाड सांपडलें नाहीं तर नाताळ झाडावांचून करावा. गोठ्यांत जन्मलेल्या बाळाला झाड लागत नाहीं. त्याला तर धड छप्परही नव्हतें. पण मोह होऊन दुसऱ्याच्या बांधावरचें तोडून आणलेंसच, तर तें लपवूं नकोस. खांद्यावर घेऊन, लोक हंसले तरी, त्याच दारीं परत जा. मग फादरांकडे ये. ते तुझी वाट पाहत असतील. कारण तेही एकदां त्याच वाटेनें गेले आहेत.

परमेश्वर तुम्हां सर्वांस, तुमच्या घरांस व तुमच्या बांधांस आशीर्वाद देवो. नाताळच्या व सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा!